आजीची वही

सरकारी कचेरीत 'आजी वारली' हे रजेचे कारण इतके वापरून झिजले आहे, की एखाद्याची आजी खरोखर वारली तरी अर्ज लिहिताना त्याचा हात क्षणभर अडखळतो. २०२३ च्या जून महिन्यात मी तसा अर्ज लिहिला, तेव्हा आमच्या शाखाधिकाऱ्यांनी मान वर न करताच विचारले, "उमर?" मी सांगितले, "एक्याण्णव." "भरी-पूरी उमर पाई," असे म्हणून त्यांनी सही केली. पुढे तेरा दिवस जो जो भेटायला आला त्याने आपापल्या भाषेत हेच सांगितले. मराठी मंडळी म्हणाली, सोने झाले. नव्वदी ओलांडलेल्या माणसाचा शोक मोकळेपणाने करण्याची सोय आपल्याकडे नाही. मलाही तो येथे करावयाचा नाही. मला एका वहीविषयी आणि एका मार्च महिन्याविषयी लिहावयाचे आहे.

आजीचा जन्म वर्ध्याचा, १९३२ सालचा. विनोबांची 'गीताई' छापून निघाली तेही तेच वर्ष. त्यामुळे "गीताई आणि मी बरोबरीच्या, फक्त तिला दात पडायची भीती नाही," असे ती म्हणे. तिचे वडील शाळामास्तर. पगार बेताचा, पण घरात ग्रामोफोन होता आणि बालगंधर्वांच्या व हिराबाई बडोदेकरांच्या तबकड्या होत्या. पहाटे गीताई, संध्याकाळी नाट्यपदे आणि अधूनमधून वडिलांचे बोट धरून चार-पाच मैलांवरच्या सेवाग्रामी प्रार्थनेला जाणे, असे तिचे बालपण. संगीताची परीक्षा तिने एकही दिली नाही. ऐकले ते उचलले आणि उचलले ते कधी खाली ठेवले नाही, एवढेच तिचे शिक्षण.

१९५१ साली लग्न होऊन ती रायपूरला आली, तेव्हा तिच्याबरोबर रुखवताच्या जोडीला एक पायपेटी आली. ती रेल्वेच्या मालडब्यातून उतरवून बैलगाडीने घरी आणली आणि ओसरीवर ठेवली. खाली पायटा, वर झाकण, लाकडी खोका. माझ्या पणजीला वाटले, शिवणाचे यंत्र आले. सून शिवणकाम जाणणारी निघाली म्हणून तिने शेजारणींना कौतुकाने बोलावले. दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण उघडून आजीने सूर धरला, तेव्हा त्या माउलीची जी निराशा झाली ती म्हणे मरेपर्यंत ओसरली नाही. "कपडे शिवून देता आले असते तर माझं गाणं तिला चाललं असतं," असे आजी सांगे. तिच्या बोलण्यात सासूविषयी कडवटपणा नसे. हकिकत सांगताना तिला हसूच अधिक येई.

आजोबा रेल्वेत कारकून होते. पुढे वडीलही कारकून झाले आणि मीही झालो. आमच्या घराण्यात गाणे एका पिढीचे आणि कारकुनी तीन पिढ्यांची. आजी रायपूरला आली तेव्हा वर्धा आणि रायपूर एकाच प्रांतात होती. राजधानी नागपूर, आणि कारभारात हिंदीच्या बरोबरीने मराठीही चाले. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्ये नव्याने आखली गेली. वर्धा मुंबई राज्यात गेले, रायपूरची राजधानी भोपाळ झाली. त्यानंतर चव्वेचाळीस वर्षांनी, पुन्हा १ नोव्हेंबरलाच, छत्तीसगढ झाले आणि रायपूर स्वतःच राजधानी बनले. "मी तर घरीच बसून होती रे," आजी म्हणे, "सरकारच माझ्या दारावरून येऊन-जाऊन राहिलं." बदलीच्या नोकरीत परमुलखी राहणाऱ्या आपल्यासारख्यांना निदान आपण परमुलखी आहोत हे ठाऊक असते. तिचे माहेरच एका सकाळी परराज्यात गेले होते.

आमचे घर छोट्या लाइनच्या रुळांपासून हाकेच्या अंतरावर. रायपूरहून धमतरी-राजिमकडे जाणारी ती अरुंद रुळांची गाडी शहराच्या मधोमध, लोकांच्या अंगणांना खेटून जाई. वाफेच्या इंजिनाची शिट्टी काळी दोनमध्ये वाजते, असा आजीचा शोध होता आणि स्वयंपाकघरात पेटी हाताशी नसली की ती त्या शिट्टीवरून आपला षड्ज काढी. पुढे डिझेलची इंजिने आली तेव्हा तिने रेल्वेवर पहिल्यांदा नाराजी दर्शवली. २०१७ साली शहरातली ही गाडी बंद होऊन रूळ उखडले गेले. शेजारीपाजारी रस्ता होणार म्हणून खूष होते. आजी दोन दिवस गप्प होती.

आता त्या वहीकडे वळतो. वही म्हणजे रेल्वेची एक जुनी, रद्द झालेली नोंदवही. आजोबांनी ती बाराखडी गिरवायला म्हणून मुलांसाठी आणली होती, ती आजीने बळकावली. उभे-आडवे रकाने आयतेच आखलेले होते. पहिल्या रकान्यात क्रमांक, दुसऱ्यात गाण्याची पहिली ओळ, मग राग किंवा नुसती 'चाल आईची', मग ताल, मग कोणत्या पट्टीत गायले ती पट्टी आणि वर्ष, आणि शेवटी शेरा. या वहीत एकशे चौऱ्यांशी गाणी आहेत आणि एकाही गाण्याची दुसरी ओळ नाही. शब्द सगळे तोंडपाठ; ते लिहिण्याची तिला गरजच वाटली नाही. विसरण्याची भीती होती ती फक्त कोणते गाणे आपल्याला येते हे विसरण्याची.

शेऱ्याचा रकाना हा कारकुनी रकान्यांचा राजा. आमच्या कचेरीतल्या शेऱ्यांत जितके सत्य असते, त्यापेक्षा फार अधिक सत्य आजीच्या शेऱ्यांत आहे. 'सासूबाईंना आवडत नाही.' 'मोठा याने झोपतो, धाकटी जागी होते.' 'याला पेटी नको.' 'हे म्हणाले पुन्हा म्हण.' यातले 'हे' म्हणजे आजोबा. त्यांना सूर कळत नसे. पण पन्नास वर्षांच्या संसारात असा शेरा अकरा वेळा आला आहे, हे मी मोजले आहे.

पट्टीचा रकाना वाचताना मात्र मन कातर होते. १९५१ साली काळी पाच. १९६८ च्या सुमारास काळी चार. पुढे पांढरी पाच, मग काळी तीन. २०१५ नंतरच्या नोंदी पांढरी चारच्या आहेत. एका बाईचे आयुष्य पेटीच्या एकेका पट्टीने खाली उतरत जाते, आणि तिने ते स्वतःच्या हाताने, वर्ष घालून, कसलीही तक्रार न करता नोंदून ठेवले आहे.

१९५५-५६ च्या पानांवर एक मौजेची गोष्ट आहे. पुणे आकाशवाणीवर तेव्हा 'गीतरामायण' चालू होते. १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर, माडगूळकरांचे शब्द आणि सुधीर फडक्यांच्या चाली, एकूण छप्पन्न गाणी. आमच्या घरी तेव्हा रेडिओ नव्हता. पुण्यास नोकरीला असलेला आजीचा भाऊ शब्द उतरवून टपालाने पाठवी. चाल टपालाने कशी पाठवणार? तेव्हा आजीने आपल्याच चाली बसवल्या. काही वर्षांनी खऱ्या चाली ऐकल्यावर तिने त्यांचे मनापासून कौतुक केले आणि गाताना मात्र स्वतःच्याच चाली चालू ठेवल्या. आमच्या घरात गीतरामायण असे दुसऱ्याच सुरांत वाढले. शाळेत असताना मी महाराष्ट्र मंडळाच्या एका कार्यक्रमात मूळ चाल ऐकून 'हे लोक चुकीचे गात आहेत' असे मोठ्याने म्हणालो होतो, ही गोष्ट चौबे कॉलनीतली वडीलधारी मंडळी मला अजून ऐकवतात.

रेडिओ घरात आला १९६३ साली. २ ऑक्टोबरला आकाशवाणीचे रायपूर केंद्र सुरू झाले, त्या निमित्ताने आजोबांनी तो हप्त्यावर घेतला. लगोलग त्यांनी आवाजाच्या चाचणीचा अर्जही आणला. आजीने तो भरला नाही. रेडिओवर तेव्हा पेटीला मज्जाव होता. १९४० साली घातलेली ती बंदी पुढे सत्तरीच्या दशकात सैल होऊ लागली. पेटीचे सूर ठोकून बसवलेले, त्यांत मींड निघत नाही, हा आक्षेप शास्त्राला धरून होता हे आजीलाही मान्य होते. "पण माझी पेटी दाराबाहेर ठेवून मी आत जाऊ? बरं दिसते का ते?" एवढेच ती म्हणे. लहानपणी मला हे कारण फार बाणेदार वाटे. आता वहीत पाहतो, तर त्या वर्षीच्या तीन गाण्यांपुढे 'रेडिओसाठी' असा शेरा आहे आणि तो काट मारून खोडलेला आहे. त्यांपैकी एकापुढे बारीक अक्षरात लिहिले आहे, 'सासूबाईंचे पथ्यपाणी.' पेटीचे कारण खरेच होते, पण ते एकटे नव्हते.

ती पायपेटी १९७४ साली घरातून गेली. माझ्या आत्याला गाणे शिकायचे होते आणि खैरागडला संगीताचे विश्वविद्यालय होते. खैरागडच्या राजा-राणीने आपल्या दिवंगत कन्येच्या, इंदिरेच्या, नावाने आपला राजवाडाच संगीताला देऊन टाकला आणि १९५६ साली तेथे विश्वविद्यालय उभे राहिले. रायपूरच्या एका कारकुनाच्या मुलीला घरापासून एवढ्या जवळ असे शिक्षण मिळणे हे भाग्यच. पण वसतिगृहाचा खर्च भाग्यात बसत नव्हता. आजीने राजनांदगावच्या एका भजनी मंडळाला पेटी विकली. आत्याला सांगितले, सूर उतरलेत, नागपूरला दुरुस्तीस पाठवली आहे. दोन वर्षे दर सुट्टीत आत्या विचारी, "पेटी आली का?" आणि आजी सांगे, "कारागीर चांगला आहे, पण वेळ लावते." तिसऱ्या वर्षी आत्या स्वतःच उमजली. आज ती भिलाईच्या शाळेतून संगीतशिक्षिका म्हणून निवृत्त झाली आहे. ही हकिकत सांगताना ती 'वेळ लावते' या शब्दांपाशी थांबते, पुढे बोलत नाही. वहीत १९७४ नंतरच्या तेरा वर्षांच्या नोंदींपुढे शेरा एकच आहे : 'पेटीविना.'

१९८७ साली चौथ्या वेतन आयोगाची थकबाकी हातात पडली, तेव्हा माझ्या वडिलांनी आईसाठी हातपेटी घेतली. त्याच वर्षी माझा जन्म झाला. पेटी आणि मी असे एकाच थकबाकीत घरी आलो, असे वडील गमतीने म्हणत. पेटीवर पहिला सूर धरून आजी म्हणाली, "कोरा आहे आवाज. वापरता वापरता पिकेल." हे माझ्याविषयीही होते की काय, कोण जाणे. माझा तर पिकला नाही.

मराठी गाण्यांइतकेच तिचे कान इथल्या गाण्यांकडे असत. वर्ध्याकडे मुली भुलाबाई मांडतात, कोजागिरीपर्यंत गाणी म्हणतात आणि खिरापत ओळखायला लावतात. आजीने ते रायपूरला अंगणात चालू केले. खिरापतीच्या ओढीने आसपासच्या छत्तीसगढी मुलीही येत आणि शब्द न कळता सूर पकडून गात. मग दिवाळीच्या सुमारास त्यांच्या आया-आज्या सुवा घेऊन आमच्या दारी येत. टोपलीत धान, त्यावर मातीचा पोपट, भोवती बायकांचे कडे. एका गटाने ओळ म्हणायची, दुसऱ्याने ती उचलायची. वाद्य नाही, नुसत्या टाळ्या. आजी पायरीवर बसून ऐके. "आपली भुलाबाई आणि यांचा सुवा सख्ख्या बहिणी आहेत. एक कोजागिरीला उठून जाते, दुसरी दिवाळीला येऊन बसते," असे तिचे मत. तीजनबाईंची पंडवानी ऐकून आली त्या रात्री, हातात तंबुरा घेऊन एक बाई भीमाचा आवाज काढते याचे तिला इतके अप्रूप वाटले, की तिने दुसऱ्या दिवशी पोळ्या करता करता भीम करून पाहिला आणि दोन पोळ्या करपवल्या.

माझी नोकरी मला जबलपूर, भुवनेश्वर अशी फिरवून २०१९ साली रायपूरला घेऊन आली. आजी तेव्हा सत्त्याऐंशीची. मी पुष्कळदा म्हणे, "आजी, फोनवर तुझी गाणी भरून ठेवू." ती उडवून लावी. "गाणं काय लोणचं आहे का, बरणीत भरून ठेवायला?" खरे सांगायचे तर तिने नकार दिला की मला बरेच वाटे. काम टळे आणि विचारल्याचे समाधानही मिळे.

२०२३ च्या फेब्रुवारीत एका संध्याकाळी माझ्या मुलीला निजवताना तिच्या आईचा एक पाळणा ती म्हणत होती. मध्येच थांबली. पुन्हा पहिल्यापासून म्हटला, पुन्हा त्याच जागी थांबली. मग मला हाक मारून म्हणाली, "बाळ, एक कडवं गेलं रे. तुझा तो फोन आण. एकशे बारापासून धरू, घरची गाणी आधी."

मी म्हणालो, "मार्चअखेर होऊ दे, आजी."

हिशेबाच्या शाखेत काम करणाऱ्यांना मार्च म्हणजे काय हे सांगावयास नको. देयके, मंजुऱ्या, ३१ तारखेला लोप पावणारा निधी, रात्रीचे दहा-दहा. तिने मार्चमध्ये दोनदा पुन्हा विचारले. मी तारीख दिली : एप्रिलचा पहिला रविवार. तो रविवार २ तारखेला आला. माझ्या अंगात महिन्याची झोप साचली होती. मी दुपारी दोनपर्यंत झोपलो. उठल्यावर आजी म्हणाली, "दमला आहेस. पुढल्या रविवारी." तिने त्या सकाळी पेटी पुसून, चटई अंथरून, वही उघडून ठेवली होती आणि जेवणवेळेपर्यंत तशीच बसली होती, हे मला पत्नीने नंतर सांगितले. मंगळवारी पहाटे आजीला पक्षाघात झाला. उजवे अंग आणि वाचा गेली.

त्यानंतर ती दहा आठवडे होती. ओळखत होती, ऐकत होती. कोणी सांगितले म्हणून मी पेटीवर षड्ज धरून पाहिला. बोलणे गेलेल्या माणसाला कधी कधी गाता येते म्हणतात. तिने ओठ उघडले, पण सूर आला नाही. तिने माझ्या हातावर थोपटले, जणू चुकले ते माझेच आणि तिने ते मनावर घेतले नाही. एका संध्याकाळी माझी मुलगी देवापुढे आरती म्हणत होती आणि नेहमीप्रमाणे घाईने पुढे पळत होती. आजीच्या डाव्या हाताची बोटे गादीच्या कडेवर पडू लागली. सम आली की ठाम, खालीला हात हवेत. मुलीने पाहिले आणि आवाज आवरून ती त्या बोटांबरोबर चालू लागली. संपूर्ण आरती तशी झाली. तालाची ती शिकवणी पुढे रोज संध्याकाळी चाले. मी ती फोनवर टिपली नाही. या वेळी मात्र आळसाने नव्हे.

तेराव्यानंतर आत्या आणि मी वही घेऊन बसलो. आमचा धंदाच ताळमेळाचा, तेव्हा हिशेब मांडला. १८४ पैकी ११९ गाणी नाटकांची, संतांची, गीतरामायणाची. त्यांचे शब्द पुस्तकांत आहेत, जरी आजीच्या चाली नाहीत. उरली घरची ६५ : पाळणे, ओव्या, भुलाबाईची गाणी, डोहाळे. त्यांतली २३ आत्याला पूर्ण येत होती. ती आम्ही लिहून काढली. ४१ गाण्यांची पहिली ओळ आहे, पट्टी आहे, ताल आहे, 'चाल आईची' असे आहे. १९५५ साली तिच्या हाती शब्द होते आणि चाल नव्हती. तिने आपली चाल लावली. या ४१ ओळींना मी काय लावू? ज्या पाळण्याचे एक कडवे हरवले म्हणून तिने मला हाक मारली होती, त्याचे आता सगळेच हरवले आहे.

तुम्ही बेरीज केली असेल तर एक गाणे कमी पडले असेल. ते शेवटचे, १८४ वे. अक्षर थरथरते, पेन्सिलीचे. ओळ छत्तीसगढी, सुव्याची. तालाचा रकाना मोकळा. शेरा : 'पुढले शब्द आपल्या बाईला विचारणे.' आपली बाई म्हणजे तीस वर्षे आमच्याकडे भांडी घासायला येणारी, आता स्वतःच आजी झालेली. मी तिला वही दाखवली. ती वाचू शकत नाही, म्हणून ओळ वाचून दाखवली. ती पदराने डोळे पुसत म्हणाली, दाईने फागुनातच विचारले होते. पण सुवा काय अवेळी म्हणायचा असतो? "सुवा ला देवारी मा गाथें, बाबू." दिवाळी येऊ दे, मग सांगते, असे तिने आजीला सांगितले होते.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात ती सुना-नातींना घेऊन आली. अंगणात टोपली ठेवली, पोपट ठेवला आणि कडे धरले. माझी मुलगी न विचारताच त्यात शिरली. मी पायरीवर बसलो आणि १८४ च्या ओळीखाली जागा होती तेवढ्यात पुढल्या ओळी लिहून घेतल्या. जागा अपुरी पडली तेव्हा शेजारच्या रकान्यांतून लिहिले. तालाचा रकाना तेवढा वाचवून ठेवला. टाळ्या मी दोनदा मोजल्या, दोन्ही वेळा आकडा वेगळा आला. मुलीला विचारले, तर ती म्हणाली, "बाबा, थांबा ना, अजून चालू आहे."